लाकडाखालचं आंबट

व्यंकूचा श्वास थांबला तेव्हा माझ्या तोंडात वाईन होती. लगेच गिळायची नाही, जिभेवर फिरवायची, असं त्यानंच शिकवलं होतं. मी डोळे मिटून फिरवत होते. उघडले, तर माझा धाकटा भाऊ माझ्याकडेच तोंड करून होता, पण बघत नव्हता. थुंकायला सुचलं नाही... गिळली आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

वेस्ट मांबलमच्या आमच्या घरात, विधवा बाईच्या हातात, दारू आली कशी, हे तंजावरकडच्या नातेवाइकांनी तेराव्यापर्यंत विचारून घेतलं. तर सांगते. व्यंकू एका मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून लागला आणि शेवटी कुठली वाईन मागवायची ते ठरवणारा झाला. मग गळ्याचा कॅन्सर निघाला, किरणांचे शेक दिले, आणि त्याची चवच गेली. सांबार काय, गूळ काय, सगळं लोखंड. हे त्यानं हॉटेलात सांगितलं नाही. निवृत्त व्हायच्या आठवड्यात चार बाटल्या समोर आल्या, तेव्हा चाखल्याचं सोंग करून एकीवर बोट ठेवलं. चिलीतली पांढरी वाईन, समुद्राकाठच्या थंड खोऱ्यातली, ओकच्या पिंपात मुरवलेली. ती हॉटेलात खपायला लागली आणि याला चैन पडेना. दुखणं उलटून अंथरुणाला खिळला, तेव्हा एका जुन्या सोबत्याकडून त्यानं तीच बाटली मागवली.

“अक्का, तू चाख. तुझी जीभ खोटं बोलत नाही.”

“समुद्राकाठी कसली थंडी रे? आपल्याकडे तर घामानं लुगडं चिकटतं.”

“तिकडचा समुद्रच गार. दुपारपर्यंत धुकं. द्राक्षं सावकाश पिकतात, आंबटपणा सोडत नाहीत. मग त्यावर पिंपाचं लाकूड चढतं. चढू दे, पण खालचं आंबट मरता कामा नये. तेवढं बघ.”

मी घोट घेतला. “ऐयो! पाट चाटल्यासारखं लागतंय.”

“नुसतं लाकूड?”

“नुसतं.”

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. दोन दिवस पेजही घेईना. मी चिडले. “लोक पितात ना? पैसे देतात ना?” तर म्हणाला, “त्यांना कळत नाही, अक्का. मी सांगितलं म्हणून पितात.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, “परवा फार गार प्यायला लावली मी. जीभ बधिर झाली असेल. फ्रिजमधून काढून थोडी बाहेर ठेव, मग घे.” घेतली. आधी लाकूडच. मग लोणी कढवतानाचा वास. आणि अगदी शेवटी, जिभेच्या कडांना, स्वच्छ आंबट. नव्या रवीनं ताक घुसळलं की लागतं, तसं. हे सांगायला मी डोळे उघडले होते.

महिना झाला, एका जागी बसवत नाही. भाजी चिरायला घेते, उठते, दारापर्यंत जाते, परत येते. पहिल्या दिवशी मी घाई केली, हे खरं आहे. भाची म्हणते, मामाला कळलं असेल. कसं कळेल? मी बोललेच नव्हते.

गेल्या आठवड्यात हॉटेलात फोन लावला. म्हटलं, व्यंकूनं निवडलेली ती वाईन चांगली आहे, लाकडाखाली आंबट आहे. पलीकडची मुलगी म्हणाली, “थँक यू मॅम, टेबल बुक करायचंय का?” मी फोन ठेवला.

व्यंकू बासष्टाव्या वर्षी गेला. मी सत्तर वर्षांची आहे आणि जिवंत आहे.