फळ्यावरचं शून्य

पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा उग्र वास आला की कोपरगावकडच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या, त्या पाचटाच्या झोपड्या, आठवतात. जुलाबाची पाहणी करायला मी नर्सबाईंसोबत गेलो होतो. आजारी लेकीला मांडीवर घेतलेली एक आई संशयानं म्हणाली, "नाव लिवून आमालाच हाकलनार न्हवं?" मी म्हणालो, "मोजलं की औषध येतं." तिनं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर होतं, जुलाबाचे रुग्ण शून्य. "बाहेरची माणसं आपल्या लोकसंख्येत धरत नाहीत," ग्रामसेवक म्हणाला. पावडर गावच्या टाकीत पडली, कोप्यांजवळच्या विहिरीत नाही. संध्याकाळी कोप्यांवर गेलो, तर त्या आईनं विचारलं, "मोजलं का, दादा?" आजही कोणी आजाराचं शेकडा प्रमाण सांगितलं, की मी आधी विचारतो, शंभरात कोण कोण धरलंय?