डाव्या दारातलं फूल

दुपारी बरोबर चार वाजून वीस मिनिटांनी माझ्या दोन वर्षांच्या बाबूचं डोकं डिचोलीच्या आमच्या जुन्या बागेच्या गेटात अडकलं. गोवा घटकराज्य व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हापासून या गेटचे किस्से माझ्याकडे साचत गेलेत, गटारात पानं साचावीत तसे. कुणी उपसत नाही म्हणून मीच उपसते.

गेट दिसायला देखणं. बिडाच्या वेली, त्यांत ताटलीएवढी फुलं. पण डाव्या दाराच्या खालच्या ओळीतलं एक फूल नाही, आणि ती फट नेमकी माझ्या पोराच्या डोक्याच्या मापाची.

बाबू किंचाळतोय, मी त्याचे खांदे धरून बसलेय. माझी शेजारीण शेवंती, मूळची इब्रामपूरची, खोबरेल आणायला धावली. पाव विकणाऱ्या पोदेराने सायकल उभी करून पोराच्या हातात चघळायला पावाचं कडक कांकण दिलं, तेव्हा कुठे तो गप्प झाला. एवढ्यात बागेच्या कमिटीचे अध्यक्ष लगबगीने आले. सगळे त्यांना भाई म्हणतात. मला वाटलं, चला, कुणीतरी मोठा माणूस आला.

भाई म्हणाले, "सांभाळून हां वैनी. फिरंग्यांच्या वेळचं गेट, वाकता कामा नये."

*

तेलाने डोकं सुटलं, कान मात्र लालबुंद. मी बागेच्या माळ्याला, बाबलोकाकाला विचारलं, फूल गेलं कुठे?

"भाईंनी दुरुस्तीक व्हेलां."

नेलं खरं, पण परत कधी आणणार ते त्याला ठाऊक नाही. गेटचा इतिहास मात्र तोंडपाठ. म्हणे लिस्बनहून जहाजाने आलं. म्हणे त्या काळी अनवाणी माणसाला यातून आत सोडत नसत.

शेवंती हाताचं तेल पदराला पुसत म्हणाली, "तेव्हा भितर सोडीत नव्हते, आता भायर सोडीत नाय."

*

आमचे हे म्हणाले, सातवी शिकलेल्या बाईचं कोण ऐकणार? तरी मी शेवंतीला घेऊन कमिटीच्या मीटिंगला गेले. गेटवरचा बोर्ड मराठीत की कोंकणीत, यावरून तिथे खुर्च्या आपटत होत्या. मी हात वर केला. म्हटलं, फूल बसवा, नाहीतर एखादं पोर जिवानिशी जाईल.

भाई म्हणाले, "वैनी, आधी भाषेचो प्रश्न सुटूं दी."

"तोवर पोरान खंयच्या भाषेत बोंब मारची?" शेवंतीने विचारलं.

दोघेतिघे हसले. मग पुन्हा बोर्ड.

*

शेवटी मीच त्या फटीत काथ्याची दोरी आडवीतिडवी बांधली. घटकराज्य जाहीर झालं आणि गेट रंगवायचं ठरलं. पेंटरने दोरीसकट चंदेरी रंग फासला. मग जुन्या वस्तू बघायला पणजीहून एक साहेब आले. त्यांनी माझ्या दोरीवरून बोट फिरवलं.

"हे पिळाचं काम वेगळंच दिसतंय. जुनं का?"

"होय साहेब," भाई म्हणाले. "पोर्तुगीज काळातलं."

साहेबांनी माझ्या गाठीचा फोटो काढला.

*

मग रंगवलेल्या गेटचा सोहळा झाला. बागेत मांडव, खुर्च्यांवर मोठे पाहुणे, मी मागे बाबूला कडेवर घेऊन उभी. मांडवात पोरं सुटी सोडलेली, आणि माझे डोळे सारखे त्या डाव्या दाराकडे. भाईंनी भाषण केलं, या गेटचं एकेक फूल आम्ही जिवापाड जपलं.

मुख्य पाहुण्यांना शाल झाली, नारळ झाला. मग लाल फडक्याखाली झाकलेली भेटवस्तू आली. भाईंनी फडकं उचललं. सागवानी पाटावर, पॉलिश करून चकचकीत केलेलं, ताटलीएवढं बिडाचं फूल.

"आपल्या ऐतिहासिक गेटची आठवण," भाई म्हणाले. टाळ्या पडल्या.

शेवंती माझ्या कानाशी म्हणाली, "झाली गो दुरुस्ती."

पाहुण्यांची गाडी त्याच गेटातून गेली. फूल मागच्या सीटवर होतं.

तर बायांनो, पोरांना डाव्या दाराशी सोडू नका, दोरी कुजत आलीय. बागेत नवीन कुणी आली तर तिलाही सांगा. आणि त्या पाहुण्यांच्या घरी केरलादी करणारी कुणाच्या ओळखीची असेल, तर तिच्यापर्यंत एवढा निरोप पोचवा: शोकेस पुसताना मालकांना सांग म्हणावं, ते फूल खालच्या ओळीतलं आहे.