लिलीला मराठी येत नाही

गोंदिया स्टेशनवर बाबा डब्याच्या खिडकीला धरून उभे होते आणि माय मागे, खांबाच्या आड. तिला रडताना कुणी पाहिलेलं आवडत नाही. गाडी हलली तसे बाबा म्हणाले, "पोरी, नीट राहजो." समोरच्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शेठ हैं क्या तेरे?" माझे वडील आहेत, असं मी मराठीत सांगितलं. त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. पुणे येईपर्यंत दोघं मला बघत होती, जत्रेतल्या तंबूत काहीतरी बघावं तशी.

गावात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं तोंड घेऊन शहरोशहरी गेलेल्यांनो, हे तुम्हाला लिहिते आहे. मी नववी नापाससुद्धा नाही, नववी अर्धी आहे. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी माय मिझोरामची. बाबा फौजेत होते, तिकडे पोस्टिंग होतं, तिथेच त्यांचं जमलं. ती आमच्या गावात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. एकदा बाजारात तिला वास्ते दिसले, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. तिच्या माहेरी तेच खातात. ती टोपलीपाशी खालीच बसली आणि बाबांना मोडक्या हिंदीत म्हणाली, की भाजी तर आमचीच आहे, मग मी परकी कशी. भाजी एक निघाली म्हणून माणसं कुठे बदलतात? सासरी चुलीला हात लावू नको, इथपासून सुरुवात होती. मग तिने मराठी शिकून घेतली. आत्याकडून, बाजारातून, रेडिओवरून. आणि स्वतःची भाषा मला शिकवलीच नाही. म्हणायची, "तोंड माझं घेतलं तू, जीभ तरी इथली राहू दे."

एवढं तिने सोडलं आणि त्याचं काय झालं ते सांगते. कोरोनानंतर शाळा उघडली तेव्हा माझ्या बाकावर कुणी बसेना. मी वर्गात शिरले की पोरं "कोरोना आली" म्हणून ओरडायची आणि गुरुजी हसायचे. मी जाणं बंद केलं. गुरुजी अजून तिथेच शिकवतात.

पुण्यात मला बिबवेवाडीच्या एका पार्लरमध्ये काम मिळालं. खोटं कशाला बोलू, पार्लरच्या ताईंनी मला उभं केलं. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, खोली बघून दिली. घरमालक "असल्या मुली नकोत" म्हणाले तेव्हा ताईंनी फोनवरच त्यांना झापलं. मला ताप आला तेव्हा घरून मुगाची खिचडी आणली. हे मी विसरत नाही, आणि म्हणूनच राग गिळत राहिले. राग याचा, की पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या होत्या, "हे बघ, नॉर्थईस्टच्या मुलींचा हात हलका असतो असं कस्टमरना वाटतं. इथे तू लिली. तुला मराठी येत नाही. कळलं?"

मराठीत सांगितलं होतं, न कळायला काय झालं.

मग दोन वर्षं मी लिली होते. बायका माझ्यासमोर काय वाटेल ते बोलायच्या. भुवया करायला डोळे मिटून बसलेली एक दुसरीला विचारते, "ही कुत्री खाते ना गं?" दुसरी म्हणते, "विचार की तिलाच." "तिला काय कळतंय." थ्रेडिंगचा दोरा माझ्या दातात असायचा, म्हणून निभावलं. नाहीतर नोकरी गेली असती आणि नोकरीमागे खोली. रोज तीच धास्ती.

या दिवाळीनंतर माय आली. स्टेशनवरून फोन कर, असं सांगितलं होतं, तर ही विचारत विचारत थेट पार्लरच्या दारात. डोक्यावर पदर, कपाळाला कुंकू, हातात वास्त्याच्या लोणच्याचा डबा.

"अर्चना इथेच आहे का जी? कवापासून शोधून राहिली मी."

माझ्या खुर्चीत एक जुन्या काकू होत्या. ताईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि घाईने म्हणाल्या, "लिली, तुम्हारी मम्मी आई है क्या?" नुसतं "हाँ" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण जी भाषा मायनं माझ्यासाठी घासून घासून शिकली, ती तिच्याच तोंडावर मला येत नाही म्हणायची?

मी दातातला दोरा काढला. "माय, ये आत. बस इथे."

काकूंनी डोळे उघडले. त्यांची एकच भुवई झाली होती. "अगंबाई, हिला मराठी येतं?"

"पहिल्यापासून येतं, काकू. सूनबाईंचा अबोला सुटला का?"

काकू लाल झाल्या. पलीकडच्या खुर्चीतून आवाज आला, "येतं म्हणजे, गावाकडचं येतं. चालायचंच." बघा. चेहरा इथला नाही म्हणून दोन वर्षं मुकी, आणि मराठी निघाली तर तीही यांच्या पसंतीची नाही.

घरी जाताना माय इतकंच म्हणाली, "तुले बोलू नव्हते देत?" ती रस्ताभर डबा छातीशी धरून चालली.

ताईंनी काढलं नाही मला. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरं, अर्चना तर अर्चना. पण कस्टमर तुटले तर बघ." काकू आता दुसऱ्या खुर्चीत बसतात. काहीजणी अजूनही हिंदीत विचारतात, मी मराठीत सांगते, त्या पुन्हा हिंदीतच. माय मात्र आता फोनवर मला तिची भाषा शिकवते. म्हणते, लपवून काय मिळालं.

तुम्ही विचारता, घरी कधी येतेस. मायनं हाक मारली की मला मोठ्याने ओ देता येते, ते माझं घर. सध्या ते बिबवेवाडीतल्या एका खुर्चीमागे आहे. ते जाईल की काय अशी धास्ती अजून वाटते. पण ओ मी देणारच.