एकाच यंत्राचा परवाना

ऐंशीच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये कर्जतच्या एका लहान इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याला परदेशी तपासणी-यंत्र आणण्याचा परवाना मिळाला. परवाना एकाच यंत्राचा होता. कोणते आणायचे, हे तिथल्या विभागप्रमुख अभियंत्यांनी ठरवायचे होते.

ते माझे शेजारी. मी एका साप्ताहिकाचा बातमीदार. संध्याकाळी ते ओट्यावर डोळे मिटून बसत. हाक मारली की म्हणत, "थांबा, ऐकतोय." काय ऐकत, ते कळत नसे. नदीकडून वारा येई, दिवे लागत, ते तसेच बसलेले. तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल.

कारखान्याने मोहोपाड्याच्या एका रसायन कंपनीत भट्ट्यांचे तापमान सांभाळणारी अकरा नियंत्रणे बसवली होती. प्रत्येकात एक मायक्रोप्रोसेसर, आराखडा त्यांचा. ती मधूनच बंद पडत. कारण सापडले नाही तर अकराही परत येणार होती आणि त्यांचा विभाग बंद होणार होता.

विक्रेत्याने दोन यंत्रे दाखवायला आणली. पहिले मायक्रोप्रोसेसर काढून त्याच्या जागी बसे, त्याचेच काम करी आणि हवे तिथे थांबे. दुसरे नुसते चिमट्यांनी सर्किटला लावायचे आणि आत काय चालले आहे ते पडद्यावर पाहायचे. कारखान्याच्या मालकांना पहिले आवडले.

"साहेब, दोन्ही मोहोपाड्याला नेऊ," माझे शेजारी म्हणाले.

"इथं काय वाईट आहे?"

"इथं मायक्रोप्रोसेसर आजारी पडत नाही."

मलाही बरोबर घेतले. "तुम्ही बातमीदार. वेळ बरोबर लिहाल."

पहिल्या दिवशी पहिले यंत्र लावले. सहा तासांत नियंत्रण एकदाही बंद पडले नाही. भट्टीवरचा कामगार म्हणाला, "काका, आज लई शाना झालाय हो! तुमी हाय म्हणून घाबरला."

मालक खूश झाले. ते नाही. "हे यंत्र स्वतःच्या विजेवर चालतं, साहेब. घरून डबा आणलेल्याला इथली उपासमार कशी कळणार?"

दुसऱ्या दिवशी चिमटे लावले. दुपार जड होती. हवेत गोडसर वास. पडद्यावर हिरव्या रेघा खाचरातली रोपे हलावीत तशा हलत होत्या. त्यांनी डोळे मिटले.

कामगार माझ्या कानाशी आला. "यंत्र ऱ्हायलं, काकांनाच डुलकी लागली."

पलीकडे मोठ्या पंपाची मोटार सुरू झाली.

"वेळ?" त्यांनी डोळे न उघडता विचारले.

"दोन सतरा."

नियंत्रण बंद पडले होते. पडद्यावर शेवटचे चित्र धरलेले होते. त्यात विजेची एक रेघ बाकीच्यांच्या आधी खाली गेली होती.

"मोटार सुरू होताना याला वीज कमी पडते," ते म्हणाले. "आराखडा बरोबर आहे."

नियंत्रणांना वेगळी वीज देण्यात आली.

"बिघाड सापडला. आता यंत्र कशाला?" मालकांनी विचारले.

"दुसऱ्यासाठी."

"दुसरा कुठं आहे?"

"तो अजून बोललेला नाही."

मागणी चिमट्यांच्या यंत्राची गेली. आषाढात माझे शेजारी हृदयविकाराने गेले. यंत्र भाद्रपदात आले. पेटी आठ दिवस बंद होती; नवव्या दिवशी मालकांनी स्वतः उघडली. त्या दिवशी मोहोपाड्यातली अकराही नियंत्रणे चालू होती.