काउंटरवरचा टॅबलेट

पनवेलमधल्या एका मोबाईल दुकानदाराने मला फसवलं. वर्षभर काउंटरवर मांडलेला टॅबलेट त्याने मला नव्याच्या बिलावर विकला.

बायकोच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. भाची म्हणाली, "मामा, टॅबलेट आणा. मामीने चित्रावर बोट ठेवलं की माझ्या आवाजात बोलेल." ती होती त्या बायकांच्या वॉर्डात पलंगापाशी प्लग नव्हता. दिवसभर टिकणारी बॅटरी हवी होती.

दुकानदाराला मी हे सगळं सांगितलं. त्याने दोन टॅबलेट दाखवले, एक तेरा हजारांचा, एक नऊचा. डोक्यावरच्या पाटीपासून मासळीचा धंदा उभा केलेला माणूस मी, बोलण्यावर थोडाच विश्वास ठेवणार! दोन्ही पूर्ण चार्ज करून एकच सिनेमा लावायला लावला आणि स्टूल ओढून समोर बसलो. तेराचा आधी बंद पडला. नऊचा घासाघीस करून आठवर आणला.

तो आतून सीलबंद खोका घेऊन आला. मी भडकलो. "दाबून बघितलेली मासळी घेतो मी, बर्फाखालची नाय. हाच द्या!"

"घ्या काका," तो हसला, "तुमच्यापुढे कोण बोलणार?"

भाचीने पाणी, दुखणं, संडास अशी चित्रं भरली. बायकोने ओठांवर बोट ठेवून आणखी एक मागितलं. मी नर्सशी वाद घालायला लागलो की ती ते दाबायची. "मामा, गप बसा!" अख्खा वॉर्ड हसायचा.

दोन महिन्यांत बॅटरी दुपारपर्यंतही पुरेना. वॉरंटी संपली होती. ती कंपनीने खोका उघडल्या दिवसापासून, म्हणजे वर्षापूर्वीपासून धरलेली. दुकानदार म्हणाला, "मी नवाच देत होतो, तुम्हीच हट्ट केलात." मी त्याच्या काउंटरची काच फोडली. दुसरा टॅबलेट घेता आला असता, पण बदलून घेईन तर याच्याकडूनच, म्हणून अडून बसलो.

एका दुपारी भेटीच्या वेळेला गेलो, तर ती काळ्या स्क्रीनवर बोट दाबत होती. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "सकाळपासून कायतरी मागतायत. पाणी दिलं, चादर दिली. ते नाय म्हणतात." मी नर्सच्या टेबलावर टॅबलेट चार्ज करून आणला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा त्याला हात लावला नाही. चार दिवसांनी ती गेली.

हट्ट माझा होता, मान्य. पण तो टॅबलेट किती दिवसांचा सोबती आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि कुणासाठी नेतोय हेही. त्या सकाळी तिला काय हवं होतं? त्याने माझ्यासमोर उभं राहून सांगावं.