नाव सोडून बाकी सगळं

राज्य नवं झालं तेव्हा माझी भोपाळहून रायपुरात बदली झाली आणि मी इथलीच होऊन गेले. इंग्रजी लघुलेखिका होते. आधी जुन्या शहरातल्या कार्यालयात आणि शेवटची काही वर्षं नव्या रायपुरात, मंत्रालयात. निवृत्तीनंतर चौबे कॉलोनीतल्या घरात दिवस सरता सरेना.

जवळच्या तात्यापारा वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीची मुलगी परदेशात मानवाधिकारांवर संशोधन करते. एकदा ती आली असताना म्हणाली, "मावशी, मुलाखती ऐकून टाइप करून देशील का? चीनमधल्या उइगुर लोकांच्या आहेत. दुभाषी इंग्रजीत सांगतो, तेवढं उतरवायचं."

मी लगेच हो म्हटलं. यातलं कुठंही बोलणार नाही, अशा अर्थाच्या कागदावर सही केली. 'गोपनीय' शिक्क्याच्या फायलींत आयुष्य गेलेलं. मला त्याचं काय नवल!

तिसरी की चौथी मुलाखत इस्तंबूलमध्ये राहणाऱ्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. तिच्या नवऱ्याला तिकडे चीनमध्ये सरकारी कैदेच्या छावणीत नेलं होतं. तिनं माहेरी फोन केला तर आई एवढंच म्हणाली, "आम्ही बरे आहोत. आता फोन करू नकोस." आईच्या मागे कुणी अनोळखी माणूस खोकत होता, ते तिला ऐकू आलं. पुढे तिच्या धाकट्या भावानं एका व्यापाऱ्याकरवी चोरून निरोप धाडला, नवरा कोणत्या छावणीत आहे त्याचा. त्या भावाचं एका छोट्या गावात बसस्टँडसमोर औषधांचं दुकान होतं. लहानपणी पडल्यामुळे तो एका पायानं लंगडायचा. हे सांगताना बाई थांबली. दुभाषीही थांबला. ती शांतता कशी टाइप करावी, ते मला कळेना. मी हेडफोन काढून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात बायकांची महिन्याची बैठक असते. त्या दुपारी मंडळाच्या सचिवबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही घरी बसून एवढं काय टाइप करून राहिल्या? आम्हालेही सांगा ना."

मी सांगितलं. बाईचं नाव घेतलं नाही, त्यामुळे आपण नियम पाळतोय असं वाटत होतं. बाकी सगळं सांगितलं. आईचा फोन, खोकणारा माणूस, गावाचं नाव, दुकान, भावाचा पाय, त्यानं धाडलेला निरोप. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेत आले. माझं बोलणं असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. ज्या जागी ती बाई थांबली होती, तिथं मीही थांबले. मुद्दाम थांबले. हे लिहिताना कान तापतात.

सचिवबाईंनी मोबाइलवर सगळं रेकॉर्ड केलं आणि फेसबुकवर टाकलं. खाली लोकांनी कौतुक केलेलं. दोन दिवस मी ते पुन्हापुन्हा उघडून वाचलं. तिसऱ्या दिवशी ते मीच मैत्रिणीच्या मुलीला पाठवलं. तिला आनंद होईल, असं मला वाटलं होतं.

तिचा फोन लगेच आला. "मावशी, हे आधी काढायला लाव. अभी के अभी."

"अगं, पण मी नाव कुठं घेतलं?"

"त्या गावात बसस्टँडसमोर औषधांची दुकानं किती असतील? आणि लंगडणारे दुकानदार किती?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तासाभरात व्हिडिओ निघाला. पण तो आधीच कुणी उतरवून घेतला का, कुणी पुढे पाठवला का, हे कळायला मार्ग नव्हता. मैत्रिणीच्या मुलीनं हे त्या बाईला कळवलं. न कळवता चाललं असतं, असं माझ्या मनात येऊन गेलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तिचा भाऊ आहे, मावशी." बाईनं आपली साक्ष मागे घेतली. संशोधनाच्या अहवालात ती आली नाही. माझ्याकडची फाइल मी पुसली. माफीचं पत्र लिहिलं. ते मैत्रिणीच्या मुलीनं पुढे पाठवलं नाही. "वाचून तुलाच बरं वाटेल, तिला नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं मला काम दिलं नाही. भावाचं काय झालं, तिलाही कळलेलं नाही. कदाचित काहीच झालं नसेल. ह्या 'कदाचित'वर मी अजून दिवस काढते.

पुढच्या बैठकीत सचिवबाईंनी विचारलं, "काहून काढायले लावला हो व्हिडिओ? किती छान बोलल्या होत्या तुम्ही!"

मी म्हटलं, "परदेशातल्या लोकांचे नियम असतात बाई. त्यांनी हरकत घेतली."

"हव, त्यांचं सगळं असंच असते," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि चहा आला तेव्हा दोन्ही हातांनी कप धरून प्यायले.