कुडाच्या भिंतीपलीकडची तालीम

तालमीला लागून असलेल्या घरात सून म्हणून आलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, कुडाच्या भिंतीतून आपणच आत येतात. कल्याणच्या आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत तीच तालमीची भिंत. तिकडे बाईचं पाऊल चालत नाही. कान चालतात!

*

लग्नाला दोन महिने झाले आणि कळव्याच्या जत्रेत हे दुसऱ्यांदा हरले. त्याच पांडू पैलवानाकडून, त्याच पद्धतीनं. ह्यांनी पट काढायला, म्हणजे पाय धरायला, वाकावं, पांडूनं मागे सरकून मानेवर बसावं.

संध्याकाळी तालमीचे वस्ताद आले. ओटीवर बसून सासूबाईंना म्हणाले, "काकी, पोराचं लगीन फार घाईत केलंत!"

मी चहा घेऊन दारातच उभी होते. पहिली हार लग्नाच्या दहा महिने आधीची, ती कोणाच्या नावावर?

आत गेले आणि वस्तादांच्या चहात मीठ घातलं. प्यायले बिचारे मुकाट!

*

मग उपाय. चाळीस दिवस ह्यांनी तालमीतच झोपायचं, अशी वस्तादांची ऑर्डर! मोहने गावातल्या कारखान्यात दिवसभर ड्यूटी आणि मग वस्तादांच्या शेजारी सतरंजी.

चौथ्या दिवशी जेवताना डोळे मिटत होते. विचारलं तर म्हणाले, "वस्ताद घोरतात गं!"

ब्रह्मचर्य राहिलं, झोप गेली!

*

मग जो तो डॉक्टर. पोस्टमन म्हणे तूप वाढवा. शेजारच्या काकू म्हणे दृष्ट काढा. वस्ताद म्हणे बैठका वाढवा. ह्यांचं अंग वाढलं, कुस्ती तिथंच!

एके दिवशी लंगोट बादलीत आपटून म्हणाले, "येत्या जत्रेत हरलो तर कुस्ती बंद. फायनल!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे कुस्ती सुटली तर ती माझ्यामुळे, आणि हे मी जन्मभर ऐकायचं! राग असा आला की त्या दिवशी चटणी वाटता वाटता पाट्यावर गंधासारखी झाली.

*

तांदूळ निवडताना लक्षात आलं. भिंतीपलीकडे आधी 'सूंऽ' असा नाकानं ओढलेला श्वास, मग धप्प. दर वेळी! आणि श्वास ह्यांचाच. घरी पाण्याची कळशी उचलतानाही तस्साच घेतात.

ह्यांना सांगितलं, वाकण्याआधीचा हा श्वासच पांडूला इशारा देतो. "तुला काय कळतं कुस्तीतलं?"

मी सूप बाजूला ठेवलं. पदर खोचला. "या. काढा पट."

हे हसत आले. सूंऽ. मी बाजूला. पुन्हा सूंऽ. मी पुन्हा बाजूला. तिसऱ्यांदा पैलवान थेट तांदळाच्या सुपात! आणि दारात सासूबाई.

"अगं, निवडलेले होते ना ते?"

*

जत्रेत ह्यांनी मुद्दाम सूंऽ केलं आणि वाकलेच नाहीत. पांडू सवयीनं मागे उडाला, तोल गेला, आणि ह्यांनी त्याला तिथंच चीत केलं.

वस्ताद गावभर सांगत सुटले, "चाळीस दिवसांचा गुण!"

"तुम्ही का नाही बोललात?" मी ह्यांना विचारलं.

"वस्तादांना कसं सांगणार?"

"मला दोष देताना त्यांना जमलं ना?"

हे ताटावरून उठले. हात न धुताच तालमीत गेले आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून आले. भिंतीतून मी शब्दन्‌शब्द ऐकला.

*

तीन दिवस वस्ताद फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी अंगणात उभे राहून जमिनीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, आमच्या दत्तू पैलवानाचा ढाक डाव बसत नाही. जरा भिंतीतून ऐकता?"

"ढाक ऐकून नाही कळायचा, बघावा लागतो. आणि तालमीत बाईचं पाऊल चालत नाही ना?"

मान खाजवत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी दार उघडलं आणि तसंच लावून घेतलं. "सूनबाई, तूच बघ गं बाहेर."

अंगणभर तालमीतली तांबडी माती पसरलेली. भोवती सात पैलवान, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या सदऱ्यांत, माना खाली घालून. आणि मधोमध वस्ताद, बाह्या वर सारत.

"पोरांचं मागनं," ते म्हणाले, "आधी माझा ढाक बघा!"